बाबा, तेवढा फोटो काढून घेऊ या

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल आई फोनवर इतकी हळू बोलत होती, की तिथंच मला धस्स झालं. बाबा, बनियन बदलताना तिला दिसली म्हणून तुमच्या छातीतली गाठ आम्हाला कळली. दोन महिने तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. रोज रंकाळ्याला फेरी, गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध, चार माणसांची चौकशी, आणि हे मात्र पोटात ठेवलंत.

"बायकांच्या रांगेत बसून तपासणी करू काय?" असं आईला म्हणालात म्हणे. बाबा, पुरुषांच्या छातीतही बोंडामागे ग्रंथीचा थोडा भाग असतोच. तो वाढला की गाठ लागते, त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषांच्या छातीतल्या बहुतेक गाठी अशाच, कॅन्सरच्या नसलेल्या असतात. तुमच्या हृदयाच्या गोळ्यांतल्या स्पायरोनोलॅक्टोननंही असं होतं. पण म्हणून गोळी मनानं बंद करू नका, पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

मग छातीचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी कशाला, असं म्हणाल. कारण मला आत्या आठवते. तिनं पदराआड गाठ लपवली, दुखत नाही म्हणून वर्ष काढलं. ती तुमची सख्खी बहीण. बीआरसीए-२ या जनुकातला दोष घराण्यात असला तर पुरुषांनाही स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. एरवी या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एकही पुरुष नसतो, तरी आत्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. तुम्हाला जमलं नाही तर मी सांगेन.

मॅमोग्राफी म्हणजे कमी मात्रेचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये छाती काही सेकंद दाबतात, एकेका बाजूचे दोन फोटो घेतात. थोडं दुखेल. गायनेकोमास्टिया असेल तर तो बोंडाच्या बरोबर मागे, पंख्यासारखा किंवा ज्योतीसारखा पसरलेला दिसतो. कॅन्सरची गाठ बहुधा बोंडापासून जरा बाजूला असते, तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात. मग सोनोग्राफीत गाठ भरीव आहे की पाण्याची ते बघतात, काखेतही बघतात. तरीही शंका उरली तर सोनोग्राफीत बघतच सुईनं बारीक तुकडा काढतात. नुसत्या हातानं चाचपून एवढं कुणालाच सांगता येत नाही, बाबा. तुमची गाठ बोंडाखाली आहे की बाजूला, हे आईलाही नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

गुरुवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघते, शुक्रवारी सकाळी घरी पोचेन. दहाची वेळ घेतली आहे. रांगेत मी तुमच्या शेजारीच बसेन.

आई, जुने रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेव. आणि त्या दिवशी अंघोळीनंतर बाबांना छातीला, काखेला पावडर लावू देऊ नकोस. तिचे कण फोटोत ठिपक्यांसारखे उमटतात. डबाच वरच्या फळीवर ठेव.

तुमची,
ताई