चौकटीत टिक मारली की होमस्टे पर्यावरणपूरक होतो का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हॉटेल व्यवसाय डिजिटल होतोय, ग्रीन होतोय असं सगळीकडे वाचायला मिळतंय म्हणून लिहावंसं वाटलं. दापोलीजवळ आमचा 6 खोल्यांचा होमस्टे आहे. बुकिंग पोर्टलवर, पैसे यूपीआयवर, मेनू क्यूआर कोडवर, हे सगळं आम्हीपण केलंय आणि त्याचा फायदाच झालाय.

पण मागच्या सीझनआधी एका पोर्टलवर (नाव लिहीत नाही) माहिती अपडेट करताना पर्यावरणाचा फॉर्म आला, पाणी वाचवता का, प्लास्टिक टाळता का, कचरा वेगळा करता का, अशा चौकटीच चौकटी. मी दोन रिकाम्या ठेवल्या कारण आमच्याकडे सोलर नाहीये आणि ओल्या कचऱ्याचा खड्डा तेव्हा भरून बंद पडला होता. तर त्यांच्या माणसाचा फोन, सर सगळ्यावर टिक मारा, लिस्टमध्ये वर दिसाल, बघायला कोणी येत नाही. ऐकून फार वाईट वाटलं. बुकिंग डॉट कॉमनेसुद्धा 2021 मध्ये पर्यावरणपूरक ठिकाणांच्या नावापुढे दिसणारा असा हिरवा बिल्ला सुरू केला होता, त्याने ग्राहकांची दिशाभूल होऊ शकते असं नेदरलँड्सच्या ग्राहक नियामकाचं म्हणणं पडलं आणि 2024 मध्ये तो बंद झाला. तिथे निदान कोणीतरी विचारलं तरी.

कोकणात 3 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतात आणि पर्यटकांची गर्दीपण नेमकी तेव्हाच. आम्ही दोन वर्षांपूर्वी टाकीखाली साधा वॉटर मीटर बसवला, रात्री 11 आणि सकाळी 6 च्या रीडिंगचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा एवढंच. तिसऱ्या दिवशी कळलं की सगळे झोपलेले असताना आकडा 300 लिटरने पुढे गेलाय! 4 नंबरच्या खोलीत फ्लशच्या टाकीचा वॉशर गेला होता, आवाज काहीच नाही, किती महिने पाणी जात होतं देव जाणे. मोबाईलचा याच्याइतका चांगला उपयोग मी तरी दुसरा केलेला नाही.

जेवणाचंही तसंच, सकाळी 10 ला पाहुण्यांना मेसेज जातो, रात्री किती जण, मासे की शाकाहारी, भाकरी की चपाती, मग त्या हिशोबानेच हर्णै बंदरावरून मासळी येते, आणि पूर्वी रोज पातेलंभर उरायचं ते आता वाटीभर उरतं. बाटलीबंद पाण्याचा हट्ट मात्र लवकर सुटत नाही, म्हणून पाण्याचा लॅब रिपोर्टच क्यूआर कोडवर ठेवलाय, तो वाचून बरेच जण जगमधलं पाणी घेतात.

माझी पर्यटन संचालनालयाला विनंती आहे की निवास व न्याहारी योजनेच्या नोंदणीत हमीपत्राबरोबर महिन्याचं वॉटर मीटर रीडिंग आणि कचऱ्याच्या व्यवस्थेचा फोटोपण मागवा, आणि सीझनमध्ये एकदा न सांगता कोणीतरी येऊन बघून जा. पोर्टलवाल्यांनीही बिल्ल्याऐवजी तो आकडा दाखवावा, कमी असो की जास्त.

आणि पाहुण्यांनो, एसी आहे का, वायफाय आहे का हे विचारता तसं पाणी कुठून येतं आणि कचरा कुठे जातो हेही बुकिंगच्या वेळी विचारा. आम्हाला आजवर हे फक्त पुण्याच्या एका आजींनी विचारलंय, आणि त्या स्वतः मागे जाऊन खड्डा बघून आल्या.

– एक होमस्टेचालक, दापोली