अहो, बाइंडिंग एनर्जी साठवलेली नसते!

संपादक साहेब, नमस्कार.

अणुऊर्जेवर काही छापून आलं की एक वाक्य ठरलेलं, अणुकेंद्रात बाइंडिंग एनर्जी (म्हणजे केंद्रातल्या कणांच्या बांधणीची ऊर्जा) साठवलेली असते आणि केंद्र फोडलं की ती बाहेर पडते. उलटं आहे हो ते! प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येतानाच ती एनर्जी निघून गेलेली असते, म्हणून तर हेलियमचं केंद्र सुट्या दोन प्रोटॉन अन् दोन न्यूट्रॉनपेक्षा साधारण ०.७५ टक्के हलकं भरतं, आणि परत सुटं करायचं तर तेवढी एनर्जी आपल्याच खिशातून घालायची.

मग युरेनियम फुटल्यावर मिळतं काय? तर युरेनियम-२३५ मध्ये दर कणामागे (म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) ही बांधणी ७.६ एमईव्ही (अणूंच्या जगातलं एनर्जीचं माप), अन् फुटून जे मधल्या वजनाचे तुकडे होतात त्यांच्यात ८.५ च्या आसपास, म्हणजे तुकड्यांची बांधणी जास्त घट्ट अन् मधली एनर्जी बाहेर, हा फरक दिसायला किरकोळ पण सगळ्या कणांचा मिळून २०० एमईव्हीच्या घरात जातो, तारापूरला १९६९ मध्ये ह्याच फरकावर पाणी उकळायला लागलं. फ्यूजनमध्ये, म्हणजे हलकी केंद्रं जोडताना, ड्युटेरियम-ट्रिटियमचे (हायड्रोजनचेच दोन जड प्रकार) १७.६ एमईव्हीच मिळतात, पण कण फक्त पाच, म्हणजे दर कणाला फिशनच्या (केंद्र फुटण्याच्या) चौपट! लोखंड-निकेलपाशी मात्र बांधणी सगळ्यात घट्ट, म्हणून फोडा की जोडा, दोन्हीकडून दुकान बंद.

पुढच्या वेळी एवढं दुरुस्त करून छापा प्लीज.

आपला,
एक रिटायर्ड फिजिक्स मास्तर