वादळाच्या मोसमात मतदान: वेळापत्रकात दिवस मोकळे ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठी आपत्ती आली की निवडणूक पुढे ढकला, अशी मागणी होते आणि लोकशाही थांबवता येत नाही, असे उत्तर येते. दोन्ही बाजू देशाची निवडणूक एकाच गठ्ठ्यात धरतात. मतदान मात्र केंद्रागणिक होते आणि अडतेही केंद्रागणिक. निवडणूक शाखेत आणि पूरनियंत्रण कक्षात काम केलेल्या आम्हा मंडळींचे मत असे, की देशभरचे मतदान थांबवू नये. बाधित मतदारसंघांचे मात्र निःसंकोच थांबवावे. ते थांबवता येण्यासाठी वेळापत्रकात आधीपासून दिवस मोकळे हवेत. आज ते नसतात.

2024 चेच पाहा. रेमल चक्रीवादळ 26 मेच्या रात्री सागर बेट आणि बांगलादेशातील खेपुपारा यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. जयनगर, मथुरापूर, बशीरहाट हे सुंदरबन भागातले मतदारसंघ 1 जूनच्या शेवटच्या टप्प्यात होते. मतमोजणी 4 जूनला. एखाद्या मतदारसंघातली शंभर केंद्रे चिखलात अडकली असती, तर तहकूब मतदान घ्यायला मधले दोन दिवस उरत होते. ओडिशाच्या बालासोर, भद्रक, केंद्रापाडा, जगतसिंहपूर या किनारी मतदारसंघांचे मतदानही त्याच 1 जूनला. हेच ओडिशाचे मतदान 2019 मध्ये 29 एप्रिलला आटोपले होते आणि फनी चक्रीवादळ 3 मे रोजी पुरीजवळ धडकले. चार दिवसांनी निभावले. एप्रिल-मे हा बंगालच्या उपसागरात वादळांचा मोसम असतो, हे मच्छीमाराच्या पोरालाही ठाऊक आहे. आपल्याकडेही तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यावर आले, निसर्ग चक्रीवादळ 3 जूनला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर. आणि पालघर, ठाणे, मुंबईचे मतदान 2024 मध्ये 20 मे रोजी होते.

कायद्यात सोय आहे आणि ती चांगली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 57 प्रमाणे नैसर्गिक आपत्तीमुळे एखाद्या केंद्रावर मतदान घेणे अशक्य झाले, तर केंद्राध्यक्ष किंवा निवडणूक निर्णय अधिकारी ते तहकूब करतो. नवी तारीख निवडणूक आयोगाच्या मान्यतेने ठरते आणि ते मतदान होईपर्यंत त्या मतदारसंघाची मोजणी करता येत नाही. अख्ख्या मतदारसंघासाठी कलम 153 आहे. फनीनंतर ओडिशातील पाटकुरा विधानसभा मतदारसंघाचे 19 मेचे मतदान असेच पुढे नेऊन 20 जुलैला घेतले. कलम 73 मुळे दोन-चार जागा रिकाम्या असल्या तरी नवे सभागृह गठित होते; वेल्लोरचे मतदान 2019 मध्ये वेगळ्या कारणाने रद्द होऊन ऑगस्टमध्ये झाले, तोवर लोकसभा सुरूही झाली होती.

सगळ्या देशाची निवडणूक मात्र लांबवता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 83 प्रमाणे लोकसभेची मुदत फक्त आणीबाणीत वाढते. भूकंप, पूर, वादळ हे आणीबाणीचे कारण नाही आणि नसावे. मुदत वाढवायचा हा दरवाजा एकदा उघडला, तर तो कोण कधी वापरील याचा भरवसा नाही.

सरसकट लांबणीवर टाकण्याचे काय होते, ते 1970 मध्ये पूर्व पाकिस्तानात दिसले. 5 ऑक्टोबरची राष्ट्रीय निवडणूक तिथल्या पुरामुळे 7 डिसेंबरवर नेली. मध्येच 12 नोव्हेंबरला भोला चक्रीवादळ आले आणि किमान 3 लाख माणसे गेली. तेव्हा पुन्हा सगळे पुढे ढकलण्याऐवजी फक्त बाधित किनाऱ्यावरच्या 9 जागांचे मतदान 17 जानेवारी 1971 ला घेतले. हा निर्णय बरोबर होता. त्यात एक उणीव राहिली: बाकी निकाल आधीच जाहीर झाले होते, म्हणजे त्या 9 जागांच्या मतदारांनी कौल ठरल्यानंतर मत दिले. आपल्याकडे सर्व टप्प्यांची मोजणी एकाच दिवशी होते, म्हणून ही उणीव आपण टाळू शकतो. त्यासाठी शेवटचा टप्पा आणि मोजणी यांत पुरेसे अंतर लागते. म्यानमारने नर्गिस चक्रीवादळानंतर आठवडाभरातच, 10 मे 2008 रोजी, सार्वमत उरकले आणि यांगून व इरावडी भागातल्या 47 तालुक्यांना जेमतेम दोन आठवडे वाढवून दिले. माणसे अजून प्रेते शोधत होती. याला सवलत म्हणता येणार नाही.

किती दिवस थांबावे? आठवडे मोजून हे ठरत नाही. हैतीत 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर निवडणूक 28 नोव्हेंबरला झाली. साडेदहा महिने मिळूनही यादीत मृतांची नावे तशीच राहिली, छावण्यांतल्या लोकांना आपले केंद्र सापडेना, ऑक्टोबरात कॉलरा पसरला आणि चारांतल्या एकानेही मत दिले नाही. काश्मीरमध्ये सप्टेंबर 2014 च्या पुरानंतर 25 नोव्हेंबरपासून विधानसभेचे मतदान सुरू झाले आणि ते 65 टक्क्यांवर गेले. श्रीनगर शहरात ते कमीच राहिले, पण तिथे ते पुराआधीही कमीच असे. आपल्या सांगली-कोल्हापुरात 2019 चा महापूर ऑगस्टमध्ये आला आणि विधानसभेचे मतदान 21 ऑक्टोबरला झाले, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांनी. तारीख ठरवताना कोणती कामे संपली, हे पाहायला हवे.

पहिले काम शाळा मोकळ्या होणे. मतदान केंद्र म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळेची खोली, आणि निवारा छावणीही त्याच खोलीत. एका कोपऱ्यात धान्याची पोती, दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या, भिंतीवर कमरेइतकी गाळाची रेघ. तिथे मतदान कक्षाचे पुठ्ठे मांडायचे तर आधी त्या कुटुंबांना उठवावे लागते, आणि मतदानासाठी छावणी हलवणे आम्हाला कदापि मान्य नाही.

दुसरे काम पंचनामे. पीकनुकसानीच्या पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र लागतात. एका विधानसभा क्षेत्रात साधारण 300 केंद्रे धरली, तर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी मिळून 1200 माणसे, वर राखीव, वर दोन-तीन प्रशिक्षणे. महसूल आणि शिक्षण खात्याची तीच माणसे दोन्हीकडे ओढली जातात, आणि निवडणुकीचा आदेश टाळता येत नसल्याने मागे पडतो तो पंचनामा. तो रखडला की खात्यात पैसे जमा होत नाहीत. बाधित तालुक्यात मतदानाचे पथक शेजारच्या जिल्ह्यातून आणावे. अवघड वाटते, पण बस आणि मुक्कामाची सोय केली तर जमते.

आचारसंहितेचा बाऊ केला जातो तेवढा ती अडथळा नाही. ठरलेल्या निकषांची मदत, जसे मृताच्या वारसांना 4 लाख रुपये, चालूच राहते. अडते ते वाढीव मदत किंवा नव्या गावांचा समावेश. त्याची फाइल मुख्य सचिवांच्या छाननी समितीकडून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आणि तिथून आयोगाकडे जाते. फनीच्या वेळी आयोगाने 11 जिल्ह्यांतली आचारसंहिताच उठवली होती. दर वेळी अर्ज-विनंत्या करायला लावण्यापेक्षा आपत्ती घोषित झालेल्या तालुक्यांना हे आपोआप लागू व्हावे.

तिसरे काम यादी, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. पुरात घर सोडलेल्या माणसाचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून वगळू नये. 1950 च्या अधिनियमाचे कलम 20 स्पष्ट सांगते, की तात्पुरते बाहेर राहिल्याने माणूस मूळ ठिकाणचा रहिवासी असण्याचे थांबत नाही. छावणीतल्या लोकांकडून पत्ताबदलाचा नमुना 8 भरून घेऊ नये. परत गेल्यावर त्यांचे नाव पुन्हा शोधत बसावे लागते. बेपत्ता माणसाचा मृत्यू दाखला लवकर मिळत नाही, म्हणून ती नावे घाईने काढण्यापेक्षा एएसडी यादीत, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित, मयत यांच्या यादीत, टाकावीत. त्या यादीतला माणूस ओळख पटवून मत देऊ शकतो. कागद भिजलेल्यांसाठी मोफत दुय्यम ओळखपत्राचे शिबिर छावणीतच लावावे. आणि केंद्र छावणीत न्यावे: मणिपूरमध्ये 2024 साली विस्थापितांसाठी मदत छावण्यांत 94 विशेष केंद्रे उभारली होती. तिथले कारण हिंसाचाराचे होते, पद्धत इथेही चालते.

यंत्रांची चिंता तुलनेने कमी. ती बॅटरीवर चालतात, वीज नसली तरी मतदान होते. व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणारे यंत्र, मात्र नाजूक: प्रखर उजेडाने त्याचे सेन्सर गडबडतात आणि दमट हवा कागदाला सोसत नाही. भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत मे 2018 मध्ये 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले, ते यंत्रांच्या अशाच बिघाडांमुळे. पूरग्रस्त भागात राखीव व्हीव्हीपॅट जास्त द्यावीत आणि ओल उतरलेल्या खोलीत यंत्रे आदल्या रात्री उघडी ठेवू नयेत.

सध्याच्या लोकसभेची मुदत 23 जून 2029 पर्यंत आहे. 1951 च्या अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे निवडणुकीची अधिसूचना मुदतीच्या सहा महिने आधीपासून, म्हणजे डिसेंबर 2028 च्या अखेरीपासून, काढता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षांनी शाळा अडतात, हे खरे. म्हणून आमची मागणी अशी: बंगाल, ओडिशा, आंध्र आणि कोकणचे किनारी मतदारसंघ मार्चअखेर ते 15 एप्रिल या काळात पहिल्या टप्प्यांत घ्यावेत, शेवटचा टप्पा 10 मेपर्यंत संपवावा आणि मोजणी 1 जूनच्या सुमारास ठेवावी. मधले तीन आठवडे तहकूब मतदानासाठी राखीव असल्याचे वेळापत्रकातच छापावे.

आपले,
निवडणूक व मदतकार्यात काम केलेले काही निवृत्त महसूल कर्मचारी,
कोल्हापूर