सूचना : सनद (वकिलीचा परवाना) नवी असलेल्या सर्व सभासदांसाठी

न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे नीट वाचावे. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. ही वर्षे तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून धरायची आहेत. सनदेनंतरच्या बार परीक्षेच्या निकालापासून नव्हे. लॉ क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांचा सहायक, म्हणून केलेले कामही धरले जाते. या अनुभवासाठी दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र चालते, पण त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता हवी.

त्यामुळे आजपासूनच नोंद ठेवा. सिनियरांच्या वकीलपत्रावर आपलेही नाव आणि सही असू द्या. तारीख मागायला उभे राहिलात तरी रोजनाम्यात (कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत) हजेरी लागली का ते पाहा आणि डायरीत केस नंबर लिहा. तीन वर्षांनी हे जुळवत बसणे फार जड जाते.

फौजदारी कामाची ओढ असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. आरोपींना मोफत वकील देणाऱ्या त्यांच्या लोकअभिरक्षक कार्यालयातील सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षांची वकिली चालते. खासगी वकिली मात्र बंद ठेवावी लागते. तरीही सुरुवातीलाच खटले चालवायला मिळतात, म्हणून मला ही वाट मोलाची वाटते.

सिनियर सभासदांना कळकळीची विनंती : बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असे सुचवले आहे. बंधन नाही, पण खोलीभाडे आणि एसटीच्या पासापुरते तरी द्या. चांगली मुले पैशाअभावी कोर्ट सोडून जात आहेत.

प्रमाणपत्राच्या नमुन्यासाठी बार रूममध्ये सचिवांना भेटावे.