इमारत सामायिक, तर मजलेही सामायिक हवेत

माननीय संपादक महोदय,

वैद्यकीय आणि अभियांत्रिकी संशोधनासाठी विद्यापीठ एक सामायिक इमारत उभारत असल्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचून मनापासून आनंद झाला. जागेचे वाटप अद्याप ठरलेले नाही, असे त्यात म्हटले आहे, म्हणूनच हे पत्र वेळेवर लिहीत आहे. हे वाटप विभागवार होऊ नये, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.

एमआयटीतील प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, दोन अभियंत्यांच्या बसण्याच्या जागांमधले अंतर वाढते तसे त्यांच्यातले कामाचे बोलणे झपाट्याने घटते आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे ते जवळजवळ थांबते. एकाच विद्याशाखेतल्या माणसांची ही गत असेल, तर शल्यविशारद एका मजल्यावर आणि यंत्र अभियंते दुसऱ्या मजल्यावर बसवल्यास काय होईल, हे वेगळे सांगायला नको. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २००३ मध्ये सुरू झालेले क्लार्क सेंटर याच विचाराने बांधले गेले. तेथे प्रयोगशाळेतील टेबलांना चाके आहेत आणि वीज, वायू यांच्या जोडण्या छतातून येतात, त्यामुळे संशोधनाचा प्रश्न बदलला की भिंत न पाडता गटाची मांडणी बदलता येते.

अर्थात केवळ शेजार पुरेसा नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल या वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि तंत्रविभाग वेगवेगळ्या आवारांत आहेत, तरीही हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तिथेच तयार झाली, कारण दोन्हींचे प्रशासन आणि उद्दिष्ट एक होते. पहिली तीन प्रारूपे चाचण्यांत अपयशी ठरली. पॉलिथिलीनच्या तबकडीचे चौथे प्रारूप यशस्वी झाले आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये ते प्रथम रुग्णाला बसवले गेले. झडप कुठे झिजते किंवा तडकते हे अभियंत्याने शोधायचे आणि त्याचा रुग्णावर काय परिणाम होईल हे शल्यविशारदाने सांगायचे, असा संवाद वर्षानुवर्षे चालू राहिल्याशिवाय तीन अपयशे पचवता येत नाहीत. दोन विभागांनी आपापल्या निधीचा हिशेब वेगळा ठेवला असता, तर पहिल्याच अपयशानंतर काम बंद पडले असते, असे मला वाटते.

म्हणून या इमारतीतील जागा प्रश्नागणिक द्यावी: कृत्रिम सांध्यांवर काम करणारा गट असेल तर त्यातील अस्थिरोगतज्ज्ञ, धातुशास्त्रज्ञ आणि संगणक अभियंता एकाच दालनात बसावेत, आणि काम संपले की ती जागा दुसऱ्या गटाकडे जावी. याला अपवाद असतीलच. लेथ, मिलिंग यंत्रांची कार्यशाळा आणि पेशीसंवर्धनाची निर्जंतुक खोली शेजारी ठेवता येणार नाही, तसेच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला कंपनमुक्त तळमजलाच लागतो. पण हे अपवाद यंत्रांच्या गरजेतून यावेत, विभागप्रमुखांच्या हक्कातून नव्हे.

आणखी एक गोष्ट बांधकामाच्या अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही, ती म्हणजे उपकरणे चालवणारे कायमस्वरूपी तंत्रज्ञ आणि वार्षिक देखभालीचा खर्च. रुग्णसेवेतून आठवड्यातील ठरावीक वेळ संशोधनासाठी डॉक्टरांना अधिकृतपणे मोकळा मिळणेही तितकेच गरजेचे आहे. विद्यापीठाने या तिन्ही बाबींची तरतूद उद्घाटनापूर्वीच जाहीर करावी.

आपला,
एक वाचक