तुझ्या यादीबद्दल

29 डिसेंबर 2025

प्रिय सुमे,

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर आता जातंय, तेव्हा आधी कान पकडते. गुडघा बरा आहे, बीपी गोळीवर आहे. झालं.

आता तुझी यादी. ‘2026 मध्ये रोज हजार शब्द, पाच दिवाळी अंकांत कथा, वर्षअखेर संग्रह.’ वाचून वंदूचं डाएट आठवलं! अगं, शाळा सांभाळून हजार शब्द संक्रांतीपर्यंतही टिकायचे नाहीत. आठवड्याचे पाच दिवस, रोज तीनशे धर. म्हणजे अडीच आठवड्यांत साडेतीन हजार शब्दांचा कच्चा खर्डा. तेवढेच दिवस तो बाजूला ठेवून पुन्हा लिहायला. कथेला पाच आठवडे. मार्चअखेर दोन होतात. एप्रिल चिमीच्या लग्नाच्या याद्यांत जाणार, ते आत्ताच मान्य कर. तिसरी मेच्या मध्यापासून.

‘पाच अंकांत कथा’ हे खोड. छापायचं की नाही ते संपादक ठरवणार. ‘तीन कथा तीन संपादकांकडे 15 जुलैपर्यंत पोचवणे’ असं लिही. एकच कथा दोघांना पाठवू नकोस, दोन्हीकडे छापून आली तर पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. गेल्या वेळी 21 ऑक्टोबरला होतं. तू मनात म्हणशील, अठरा दिवस मिळाले! कसले मिळतायत. कथा आधी चित्रकाराकडे जावी लागते, आणि एकदा जाहिरातींची पानं ठरली की उशिरा आलेल्या लांब कथेला जागाच उरत नाही.

संग्रहाचं खरं दुखणं फर्म्यात आहे. पुस्तक सुटं पान-पान छापत नाहीत, फर्म्याफर्म्याने छापतात. एक फर्मा सोळा पानांचा. तुझ्या नऊ कथांचे 31 हजार शब्द, पानाला अडीचशे धरले तर 124 पानं. शीर्षकपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका वगैरे आठ, आणि प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू होते म्हणून वाया जाणारी पाचेक. झाली 137. त्यात नव्या तीन घातल्यास, प्रत्येकी चौदा धरून, 179. अकरा फर्मे म्हणजे 176. तीन पानांसाठी बारावा फर्मा, नाहीतर टाइप बारीक करून वाचकाचे डोळे फोडा. म्हणून ती आजोबांच्या काठीची कथा काढ. हो, तीच. तेव्हा तू आठ दिवस अबोला धरला होतास, आता फर्माच माझ्या बाजूने बोलतोय.

जुन्या कथा जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्या युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं आणि रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. पहिलं प्रूफ दुसऱ्याकडून वाचून घे, मूळ प्रत शेजारी ठेवून. दुसऱ्या प्रुफात आधीच्या दुरुस्त्या उतरल्या का ते बघ. तिसऱ्यात फक्त पानांचे आकडे, शीर्षकं, अनुक्रमणिका. तिथे तुला नवा परिच्छेद सुचणारच. हात बांधून बस! एक परिच्छेद वाढला की पुढची पानं सरकतात आणि अनुक्रमणिका खोटी पडते.

आणि ‘वर्षअखेर’ का? 28 डिसेंबरला निघालेलं पुस्तक चार दिवसांत ‘गेल्या वर्षीचं’ होतं, राज्य वाङ्मय पुरस्कारालाही कॅलेंडरचंच वर्ष धरतात. तू सप्टेंबरअखेर संहिता पक्की कर, पुस्तक 2027च्या जानेवारीत येऊ दे. स्वतःच काढणार असलीस तर आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नकोस, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो.

चिमीचं अभिनंदन! जावई कसा आहे, सविस्तर लिही. मी येतेच आहे, चार दिवस आधी.

अरे हो, तिसरी कथा मेच्या मध्यापासून म्हटलं खरं. अधिक 17 मे ते 15 जून, लग्नकार्यं बंद, पाहुणे गेलेले, असा माझा हिशेब होता. पण नवा जावई, पहिलाच अधिक, म्हणजे तेहतीस अनारश्यांचं वाण आलंच की. सुमे, अनारसे विकत आण.

तुझी,
शकू