बाई, ‘ऐकतंय कोण?’

प्रिय बाई,

सा. न.

संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात तुम्ही सर्वांतेसची ‘डॉन किहोते’ ही कादंबरी वाचून घेतलीत, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

१६०५ चा पहिला भाग. तुमचा प्रश्न ठरलेला: ‘आता कोण बोलतंय?’ आठव्या प्रकरणात किहोते आणि तो बास्क गडी तलवारी उगारून उभे, आणि लेखक खुशाल हात वर करतो, पुढचं काही मिळालं नाही म्हणून! मग तोलेदो शहराच्या बाजारात एका पोराकडे किहोतेच्याच कथेच्या अरबी वह्या सापडतात, अर्ध्या रेआल नाण्याला. भाषांतर करणाऱ्याची बिदागी म्हणजे मनुका आणि गहू. इथून पुढे लिहिणारा सिदे हामेते नावाचा कल्पित अरब इतिहासकार, भाषांतर करणारा दुसराच, आणि आपल्याला ऐकवणारा तिसरा. किहोतेचा सेवक सांचो, त्याची शेळ्यांची गोष्ट तर आपल्या ‘चिमणी आली, दाणा घेऊन गेली’च्या जातीची. होडीत एका वेळी एकच शेळी, आणि मोजणी चुकली की गोष्ट खलास.

पण खरे आभार खाणावळीतल्या त्या वाचनाचे. कुणा पाहुण्याच्या विसरलेल्या पेटीत एक हस्तलिखित सापडतं आणि पाद्री ते मोठ्याने वाचायला घेतो. आन्सेल्मो बायकोची परीक्षा बघायला जिवलग मित्रालाच तिच्या मागे लावतो, ती गोष्ट. तिचा इथे काय संबंध, अशी ओरड तेव्हाही झाली होती. १६१५ च्या दुसऱ्या भागात सान्सोन कार्रास्को हे पात्र ती तक्रार किहोतेच्या तोंडावर सांगतं. वर्गातही तोच सूर होता. तुम्ही वाद घातला नाहीत. फक्त विचारलंत, ‘आणि ऐकतंय कोण?’

ऐकत बसलाय कार्देनियो! मोठ्याने वाचा म्हणून पाद्र्याला गळ घालणाराही तोच. यानेच आपल्या प्रेयसीचं, लुसिंदाचं कौतुक आपल्या मित्रापुढे, फेर्नांदोपुढे केलं, एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात खिडकीतली ती त्याला दाखवली, आणि मित्राने घात केला. आता तो दुसऱ्या कुणाची म्हणून स्वतःचीच कथा ऐकतोय. सर्वांतेस त्याच्या चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात याहून धीट जागा नाही.

पुढे त्याच पुस्तकात एक सुटून आलेला कैदी आपली कहाणी सांगतो, तिच्यात ‘कुणी एक सावेद्रा’ येऊन जातो. ते सर्वांतेसचंच आडनाव आणि १५७५ ते १५८० तो स्वतः अल्जीयर्समध्ये कैदेत होता, हे तुम्ही मुद्दामच सांगितलं नाहीत ना? माझं मला सापडू दिलंत, त्याचे वेगळे आभार.

तुमचा,
मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी